तेविसावं कार्ड

भगवानराव गजभारे यांना माइक दिसला की घाम फुटायचा. नांदेडच्या एका कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली होती, आणि तीही ‘शांतता राखा’ या पाटीच्या बरोबर खाली बसून. त्यामुळे मोठ्याने बोलायची वेळ आयुष्यात फारशी आलीच नव्हती. निवृत्त झाल्यावर ते आणि कमलाबाई मुलाकडे, प्रीतमकडे, कॅनडातल्या व्हिटबीला आले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी गावातली लायब्ररी शोधून काढली आणि खिडकीजवळची एक खुर्ची मनातल्या मनात आपल्या नावावर करून टाकली.

त्या खुर्चीच्या उजव्या हाताला प्रवासाच्या पुस्तकांचं कपाट होतं. बाहेर उणे अठरा तापमान असताना माणूस काय वाचेल? भगवानरावांनी कॅरिबियन बेटं काढली. ग्रेनाडाचं जायफळ, बार्बाडोसची कासवं, सेंट लुशियाचे ते दोन टोकदार डोंगर. जुन्या सवयीप्रमाणे प्रत्येक गोष्टीचं एक कार्ड केलं. बंदराचं नाव, उतरावं की नाही, उतरलं तर कुठे वळावं, काय चुकवू नये. चार हिवाळ्यांत कार्डांचे तीन बुटांचे खोके भरले. पण पाण्यावर चालणाऱ्या कशात म्हणाल, तर स्वतः भगवानरावांनी गोदावरीतल्या होडीपलीकडे पाय ठेवलेला नव्हता.

आणि इथेच सगळा घोळ झाला.

आंबेडकर मंडळाचा ज्येष्ठांचा मेळावा नोव्हेंबरात भरला. मंडळाचे सेक्रेटरी प्रफुल्ल हे पन्नाशीतले, मोठ्या आवाजाचे आणि त्याहून मोठ्या मनाचे गृहस्थ. क्रूझवर ग्रुपने जायचं मंडळात चाललंच होतं, तेव्हा त्यांनी भगवानरावांना गळ घातली, “काका, तुमचा एवढा अभ्यास आहे, अर्धा तास बोला.” भगवानरावांनी सव्वीस कार्डं निवडली. दिवस उजाडला, आणि प्रफुल्लने माइक हातात घेऊन सांगितलं, “ही सगळी बेटं पायाखाली घातलेले आपले भगवानकाका!”

भगवानरावांनी दुरुस्ती करायला तोंड उघडलं. माइक किंचाळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोर ऐंशी माणसं बघून भगवानरावांना जे सुचलं ते त्यांनी केलं. पहिलं कार्ड वाचायला सुरुवात केली.

ते बोलले मात्र फार छान. “मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, बेटाच्या नाही. बंदराच्या दारातली दुकानं सगळीकडे तीच, त्यांच्यासाठी उतरू नका. क्युरासावला मात्र उतराच. तिथे सतराशे पंच्याण्णव साली गुलामांनी उठाव केला होता. त्यांच्या पुढाऱ्याचं स्मारक समुद्राकाठी आहे, तिथे फुलं वाहा. मग तरंगत्या पुलावरून पलीकडे जा. पलीकडची घरं अशी रंगीत आहेत, जणू कोणी रांगोळीचे डबे उपडे केलेत.” सभागृहात एकही मोबाईल वाजला नाही. बाविसाव्या कार्डावर प्रफुल्लने ‘दोन मिनिटं’ अशी चिठ्ठी सरकवली, आणि भगवानराव घाबरून थेट शेवटच्या कार्डावर गेले.

आठवडाभरात अकरा जणांनी फेब्रुवारीतली क्रूझ बुक केली. त्यांत प्रफुल्ल होता आणि कमलाबाईही होत्या.

“तुम्ही का येत नाही?” त्यांनी विचारलं.

“पासपोर्ट संपलाय.”

“संपलाय तर नवा काढा की. दोन महिने पडलेत.”

“गुडघापण...”

“गुडघ्याला काय झालंय? काल तर स्टुलावर चढून खोका काढलात.” कमलाबाईंनी चपाती उलटली आणि नवऱ्याकडे नीट बघितलं. “कशाला भ्यायलाव? पाण्याला?”

भीती पाण्याची नव्हती. होती ती सांगायलाही भगवानरावांना लाज वाटत होती. प्रत्यक्षात जाऊन उभं राहिलं आणि पुस्तकातलं एकही खरं निघालं नाही, तर? म्हणजे चार हिवाळे फुकट. चार कशाला, एकतीस वर्षंही.

“आणि तुम्ही कधी गेला नाहीत, हे त्या लोकांना सांगा,” कमलाबाई म्हणाल्या. “मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.”

“सांगतो. तुम्ही परत आल्यावर.”

“म्हणजे पुस्तक चुकलं तर आधी आम्ही बुडायचं, मग तुम्ही सांगायचं!” असं म्हणून त्या इतक्या हसल्या की चपाती करपली.

फेब्रुवारीत मंडळी गेली. ग्रुपवर आरूबाचे फोटो आले: पांढरी वाळू, आणि वाळूत नऊवारीचा काष्टा घालून उभ्या कमलाबाई. चौथ्या दिवशी क्युरासाव आलं. सकाळी स्मारकापुढे अकरा जण हात जोडून उभे असल्याचा फोटो आला, खाली प्रफुल्लने लिहिलं होतं, ‘काकांमुळे.’ भगवानरावांनी तो फोटो सात वेळा उघडला आणि सातही वेळा उत्तर न लिहिता बंद केला.

दुपारी व्हिटबीत बर्फ पडायचा थांबला होता. भगवानराव शोव्हलने, म्हणजे बर्फाच्या फावड्याने, ड्राइव्ह-वे साफ करत होते. शेजारचा टेरेन्स पलीकडे आपला भाग साफ करण्यापेक्षा शोव्हलला टेकून गप्पाच जास्त मारत होता. टेरेन्स मूळचा वसईचा, रिटायर होऊन सहा वर्षं झालेली. भगवानरावांचं गुपित माहीत असलेला कॅनडातला तो एकमेव बाहेरचा माणूस.

“काय रे भगवान, आज तुझी पब्लिक कुठे?”

“क्युरासाव.”

“मी गेलो होतो ना, बायकोला, जोनला घेऊन. काही आठवत नाही बघ. बुफे तेवढा आठवतो.”

तेवढ्यात फोन वाजला. प्रफुल्ल होता. त्याच्यामागे बरेच आवाज एकदम येत होते.

“काका, प्रॉब्लेम झालाय! पूल गेला!”

“गेला म्हणजे?”

“उघडला! दाराच्या फळीसारखा पाण्यात बाजूला गेला! आम्ही रंगीत घरांच्या बाजूला आणि जहाज पलीकडे. साडेचारला सगळे जहाजावर पाहिजेत, आणि आता चारला दहा कमी आहेत!”

“बंद होईल. थोड्या वेळासाठीच उघडतात. झेंडा कुठला लावलाय?”

“निळा! काका, तोच तर घोळ झाला. आम्ही पुलाजवळ आलो, घंटा वाजत होती, लोक पळत होते. आणि समोर खांबावर निळा झेंडा चढला. आपला निळा झेंडा, काका, एवढ्या लांब समुद्रात! बायका म्हणाल्या फोटो काढल्याशिवाय जायचं नाही. आम्ही अकरा जण झेंड्याखाली उभे राहिलो, जोरात ‘जय भीम’ म्हणालो, आणि मागे वळून बघतो तर पूल नाही!”

भगवानरावांच्या हातातला शोव्हल बर्फात पडला. नारिंगी झेंडा म्हणजे पूल थोड्या वेळासाठी उघडणार. निळा म्हणजे बराच वेळ. कार्ड क्रमांक तेवीस. प्रफुल्लच्या चिठ्ठीमुळे गाळलेलं कार्ड. त्याच्या खालच्या दोन ओळीही त्यांना डोळ्यांसमोर दिसत होत्या: निळा झेंडा असताना फुकट फेरीबोट सुटते. पाण्याच्या कडेने पुढे चालत जावं.

“काका, इथे एक टॅक्सीवाला म्हणतोय वरच्या मोठ्या पुलावरून नेतो. पण गाडी एकच आहे, चार माणसं बसतील. बाकीच्यांसाठी दुसरी मागवतो म्हणतोय. काय करू? तुम्ही तिथे गेलाय, तुम्हीच सांगा!”

तुम्ही तिथे गेलाय.

टेरेन्स जवळ आला होता. त्याने हातानेच ‘बोल, बोल’ अशी खूण केली.

भगवानरावांनी डोळे मिटले. फेरीबोट आहे, असं सांगायचं. पण ते पुस्तक छापून पंधरा-सोळा वर्षं झालेली. बोट बंद झाली असेल तर? अकरा माणसं किनाऱ्यावर, त्यांत कमल. सल्ला तर द्यायचाच, पण या सल्ल्याचं खरं वजन किती, ते त्या माणसांना कळायला नको का?

“प्रफुल्ल, ऐका. एक सांगायचं राहिलंय.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता, पण थांबला नाही. “मी क्युरासावला गेलेलो नाही. कुठल्याच बेटावर गेलेलो नाही. मी जहाजात कधी बसलेलोच नाही. जे सांगतो ते पुस्तकातलं आहे, आणि पुस्तक दोन हजार नऊचं आहे. त्यात लिहिलंय की निळा झेंडा असताना फेरीबोट असते. ते कार्ड त्या दिवशी तुमची चिठ्ठी आल्यावर गाळलं. पाण्याच्या कडेने, रंगीत घरं उजव्या हाताला ठेवून चालत जा, म्हणजे बोटीचा धक्का लागेल. मला वाटतं बोट असेल. खात्री नाही. आता तुम्ही ठरवा.”

पलीकडे सगळे आवाज एकदम बंद झाले. फोन स्पीकरवर होता तर. भगवानरावांना कान तापल्यासारखे वाटले, आणि ते थंडीने नव्हे.

मग कमलाबाईंचा आवाज आला.

“ऐकलंत ना? गेले नाहीत म्हणून तर एवढं वाचलंय. आपण आरूबाला जाऊन आलो, काय सांगता येतंय का कुणाला? प्रफुल्ल, त्या पुतळ्याची... त्या स्मारकाची जागा बरोबर निघाली का नाही?”

“निघाली.”

“घरं रंगीत निघाली का नाही?”

“निघाली, काकू.”

“मग बोटपण निघंल. चला. घरं उजव्या हाताला. टॅक्सीला राम राम.” आणि फोन बंद झाला.

“बोललास बाबा,” टेरेन्स म्हणाला. “सगळं बोललास. एवढं खरं तर मी कन्फेशनमध्येपण बोललो नाही कधी.”

“बोट नसेल तर?”

“तर कमलावहिनी पोहत जाईल. तू शोव्हल कर.”

भगवानरावांनी शोव्हल उचलला. राहिलेला ड्राइव्ह-वे साफ झाला, फूटपाथ झाला, मग ते टेरेन्सच्या ड्राइव्ह-वेवर गेले आणि तोही अर्धा साफ केला. टेरेन्सने अजिबात हरकत घेतली नाही. पाच मिनिटं झाली. बारा झाली. फोन खिशात मुका. भगवानरावांनी मनाशी ठरवलं की तिन्ही खोके रीसायकलिंगमध्ये टाकायचे, आणि यापुढे फक्त स्वयंपाकाची पुस्तकं वाचायची.

सतराव्या मिनिटाला व्हिडिओ कॉल आला.

स्क्रीनवर आधी आकाश दिसलं, मग कुणाची तरी टोपी, मग वाऱ्याने पदर उडालेल्या कमलाबाई. मागे हिरवट निळं पाणी पळत होतं.

“अहो, बोट! बोटीत आहोत आम्ही!” त्या वाऱ्यावर ओरडत होत्या. “खरंच फुकट आहे! सगळे बसलो, अकराच्या अकरा! मोजलेत दोनदा!”

मागून सगळे एकदम ओरडले, “काका, जय भीम!” प्रफुल्लने फोन हिसकावून घेतला. “काका, पलीकडे उतरलं की दहा मिनिटांवर जहाज! पोहोचतो आरामात! आणि ऐका, तुमच्या चिठ्ठीचा... म्हणजे माझ्या चिठ्ठीचा विषय आल्यावर बोलू. मी कधी तुम्हाला थांबवणार नाही आता. तीन तास बोला!”

“जय भीम,” भगवानराव म्हणाले.

टेरेन्सने मान खुपसली. “काय वहिनी, पोहायची प्रॅक्टिस वाया गेली ना?”

“टेरेन्सभाऊ, ह्यांना चहा पाजा, मी येईपर्यंत. आणि अहो, हे बघा, हे बघा!” कमलाबाईंनी फोन वळवला. लांबलचक पूल आपल्या होड्यांवर तरंगत पाण्यात कडेला जाऊन उभा होता, त्याच्यावर काही माणसं अडकून मजेत हात हलवत होती, आणि मधून एक प्रचंड टँकर गल्लीतून हत्ती जावा तसा चालला होता. “सकाळी आम्ही त्याच्यावरून आलो ना, तर पायाखाली हलत होता. कसा माहितेय? परातीत कणीक मळताना परात हलते ना, तस्सा. हे तुम्ही सांगितलं नव्हतं.”

“हे पुस्तकात नव्हतं,” भगवानराव म्हणाले.

“मग लिहा की तुमच्या कार्डावर!”

त्यांनी लिहिलं नाही. संध्याकाळी पेन हातात घेतलं, तेविसावं कार्ड पुढे ओढलं, ‘पूल पायाखाली हलतो’ असं लिहायला गेले आणि थांबले. परातीसारखा म्हणजे नेमका कसा? पुढे-मागे, की डावीकडून उजवीकडे? ऐकीव माहितीवर कार्ड करायचं नाही, हा त्यांचा जुना नियम होता. छापील पुरावा पाहिजे, नाहीतर स्वतः बघितलेलं पाहिजे. त्यांनी कार्ड तसंच ठेवून पेनाला टोपण लावलं, आणि स्वतःशीच हसले.

मार्चमधल्या मेळाव्यात प्रफुल्लने माइक घेतला आणि त्याच मोठ्या आवाजात सांगितलं, “मागच्या वेळी माझी चूक झाली. हे आपले भगवानकाका. हे आयुष्यात एकदाही जहाजात बसलेले नाहीत!” टाळ्या नोव्हेंबरपेक्षा दुप्पट पडल्या. भगवानरावांना घाम फुटलाच, पण सव्वीसच्या सव्वीस कार्डं वाचूनच ते खाली बसले.

दुसऱ्या दिवशी कमलाबाई त्यांना फार्मसीत घेऊन गेल्या. तिथे पासपोर्टचे फोटो काढतात. टेरेन्सने गाडी चालवली, कारण त्याला हे बघायचंच होतं. पुढच्या जानेवारीसाठी चौघांच्या दोन केबिन जोनने फोनवर अडवूनही ठेवल्या होत्या.

काउंटरवरच्या मुलीने भगवानरावांना पांढऱ्या पडद्यासमोर उभं केलं. “नो स्माइल, प्लीज. चेहरा न्यूट्रल.”

भगवानरावांनी ओठ मिटले. आयुष्यभर फोटोत ते असेच गंभीर आले होते. लग्नाच्या फोटोतसुद्धा. मुलीने कॅमेरा वर केला. त्यांच्या पायाखाली काहीतरी परातीसारखं हललं.

“सर, स्माइल नको.”

“सॉरी.”

पुन्हा कॅमेरा वर गेला. पुन्हा ओठांचे कोपरे सुटले.

“सर!”

“अहो, जरा चेहरा पाडा की,” कमलाबाई म्हणाल्या. “लायब्ररीत बसता तसं करा.”

“भगवान, माइक आठव, माइक,” टेरेन्स मागून कुजबुजला.

भगवानरावांनी माइक आठवला. ऐंशी माणसं आठवली. बाविसावं कार्ड, ती चिठ्ठी, सगळं आठवून बघितलं. काही उपयोग झाला नाही. सहाव्यांदाही ते हसतच होते, आणि आता ती मुलगीही हसायला लागली होती.