उशी बाहेर, खोली रिकामी

जहाजावर सगळे त्यांना जावईबापू म्हणायचे, कारण नोकरी बायकोच्या भावाच्या वशिल्याने लागली होती. हा मेहुणा त्याच जहाजावर खलाशांचा मुकादम. सगळे चिडवायचे, तो मात्र कधी नाही. म्हणूनच जावईबापूंना त्याची जास्त धास्ती वाटे. चिडवणाऱ्याला उलट बोलता येतं, पण विश्वास ठेवणाऱ्यापुढे माणूस करणार काय?

काम तसं साधं होतं. सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या. आणि संकट आलंच तर एकेक खोली उघडून आतल्या माणसांना वर पाठवायचं, मग त्यांच्याच पलंगावरची उशी उचलून दाराबाहेर ठेवायची. उशी बाहेर म्हणजे खोली रिकामी. मागून तपासणीला येणारे खलाशी ते दार उघडत बसत नाहीत. होडीत पोरंबाळं आणि म्हातारी माणसं आधी, मग बाकीचे प्रवासी, नोकर सगळ्यात शेवटी. मात्र ज्याच्या खोल्या रिकाम्या झाल्या, तो नोकर होडीपाशी जायला मोकळा.

दुपारची जेवणं आटोपत आली असताना जहाज कशावर तरी घासलं आणि एका अंगाला कललं. कर्ण्यावरून सूचना आली, प्रवाशांनी आपापल्या खोलीत थांबावं, कर्मचारी न्यायला येतील. जावईबापूंच्या पायाखाली गालिच्यातून पाणी वर आलं. अशा वेळी भित्र्याचं डोकं फार वेगाने चालतं. जेवणाची वेळ आहे, लोक वरच असणार, असं त्यांनी स्वतःला पटवलं. चादरींच्या कपाटातून धुतलेल्या उशा काखोटीला मारल्या आणि जिन्यापासून सुरुवात करून, एकही दार न उघडता, त्या बाहेर मांडत सुटले.

शेवटच्या दाराशी एक उशी कमी पडली.

मग ती आतूनच आणणं भाग होतं. त्यांनी किल्लीने दार उघडलं, तर उशीवर डोकं होतं. शिवणकामावर संसार रेटलेल्या एक म्हाताऱ्या बाई, लेकीकडे निघालेल्या. कानातलं यंत्र काढून निवांत घोरत होत्या. जावईबापूंनी घाईत आधी त्यांच्या डोक्याखालची उशी ओढून बाहेर भिरकावली, आणि मग त्यांना उठवलं. बाई यंत्र कानात घालतात न घालतात तोच जहाजाने दुसरा हिसका दिला. दार धाडकन लागलं आणि चौकट वाकून त्यात घट्ट बसलं. जावईबापूंनी मूठ ओढली, लाथा घातल्या, शेवटी मूठच हातात आली.

"ओरडा की," बाई म्हणाल्या.

ओरडायची वेळ लगेच आली. धोक्याची घंटा थांबून थांबून वाजत होती, आणि मधल्या शांततेत बाहेर पाण्यात पावलं वाजली. एक खलाशी विचारत होता, "मुकादम, एखादं दार उघडून बघू का?"

"नको," मेहुण्याचा आवाज आला. "आमच्या जावयाच्या खोल्या आहेत. कुरकुऱ्या आहे तो, पण कामात खोटेपणा नाही करायचा. चल वर."

जावईबापूंनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. हाक मारली तर तो दार फोडणार, आणि मग विचारणार, उशी बाहेर कशी? एवढीच लाज वाटली, क्षणभर. तेवढ्यात घंटा पुन्हा सुरू झाली. मग ते घसा फुटेपर्यंत ओरडले, दारावर बुक्क्या मारल्या. घंटा थांबली तेव्हा बाहेर फक्त पाणी होतं.

"का गेले ते?" बाईंनी विचारलं.

जावईबापूंनी सांगून टाकलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे बाकीची दारंही तुम्ही पाहिली नाहीत," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात शेजारच्या भिंतीवर टकटक झाली. हवेच्या जाळीतून पुरुषाचा आवाज आला, "कोण आहे पलीकडे? आम्ही थांबलोय हो. येतायत ना न्यायला?" जावईबापूंनी तो ओळखला. दोन लहान मुलींचा बाप. सकाळीच त्यांना जादा पांघरूण नेऊन दिलं होतं.

'येतायत' हा शब्द अगदी जिभेवर होता. तो म्हणून टाकला असता तर निदान त्या पोरी शांत बसल्या असत्या. बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"कोणी येणार नाही," जावईबापू जाळीला तोंड लावून म्हणाले. "तुमची खोली रिकामी आहे अशी खूण मी न बघताच केली. मुलींना उचला आणि निघा. उजव्या हाताला जिना आहे."

 पलीकडे दार उघडल्याचा आवाज झाला, पाणी खळबळलं, आणि त्यांच्याच दारावर बाहेरून खांदा आदळला. एकदा, दोनदा. धाकटी रडत होती.

"हलत नाही हो हे."

"सोडा ते. पोरींना वर न्या. वर खलाशांचा मुकादम असेल, त्याला सांगा, खालच्या सगळ्या उशा खोट्या आहेत. एकूणएक दार उघड म्हणावं."

"कोणी सांगितलं म्हणून सांगू?"

 दारावर लाथा घालतानासुद्धा जावईबापूंना लागला नव्हता इतका जोर पुढचे शब्द काढायला लागला.

"तुझ्या जावयाने म्हणावं."

पावलं दूर गेली. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं होतं.

"येईल का तो?" बाईंनी विचारलं.

"येईल. तो तसा नाही," जावईबापू म्हणाले. "पण जिन्याकडून सुरुवात करेल. मध्ये किती माणसं निघतील, मला माहीत नाही. आपलं दार शेवटचं."

बाईंनी पाय वर घेतले आणि त्यांना पलंगावर बसायला जागा करून दिली.