हर्षालीच्या खुणा

माणूस बोलला तरी पंचाईत आणि गप्प बसला तरी पंचाईत, असे दिवस आलेत. हर्षालीला विचारा. बिचारी दोन महिने तोंडात गुळणी धरून बसली होती, आणि तिच्या त्या गप्प बसण्यानेच सगळा घोळ केला.

नाशिकच्या द्वारका चौकात टायरचं एक दुकान आहे, हर्षालीचा मित्र योगेश याच्या मामाचं. त्याच्यावरची खोली रिकामी होती, म्हणून हर्षाली, योगेश, पायल आणि राज या चौघांनी बळकावली. खिडक्या कायमच्या बंद. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. रेकॉर्डिंग चालू झालं की पंखाही बंद, कारण खालच्या चौकातले हॉर्न काय कमी असतात, त्यात आणखी पंख्याची घरघर कशाला! एप्रिलच्या दुपारी त्या खोलीत पाच मिनिटं बसून दाखवा, मग बोला. या शहाण्यांनी तिथे सहा वर्षं काढली होती, आणि तीही एका व्हिडिओ गेमपायी.

गेमचं नाव ‘लँटर्न आयल’. त्याचे तीन भाग आले. तिसऱ्याच्या शेवटी कप्तान केल्डन दीपगृहात कोंडला जातो, बाहेरून कुणीतरी दार ठोठावतं आणि स्क्रीन काळी होते. संपलं. दार ठोठावणारा कोण, यावर जगभरातली चांगली शिकलेली माणसं तेव्हापासून भांडत होती. मेलेला भाऊ म्हणावा, तर त्याला दफन करताना सगळ्यांनी पाहिलेलं. बायको म्हणावी, तर ती बेटावर आली कधी? नाशिकची टोळी नुसती भांडून थांबली नाही. त्यांनी तिन्ही भागांचे संवाद मराठीत केले, आपल्या आवाजात भरले आणि नेटवर टाकले. हर्षाली लिहायची, पायल आवाज जोडायची, राज चिल्लर पात्रं करायचा, आणि केल्डन म्हणजे योगेश. खोटं कशाला बोला, त्याचा आवाज ऐकून अंगावर काटा यायचा. खुद्द गेमच्या कंपनीने कौतुक केलं. चौथा भाग काढलाच तर मराठीतही काढू आणि नाशिकच्या या आवाजांना आधी बोलावू, असं त्यांनी जाहीर लिहिलं. त्या ‘काढलाच तर’च्या जिवावर योगेशने आजवर दोन नोकऱ्या नाकारल्या होत्या.

आता गंमत बघा. वर्षापूर्वी हर्षाली कॉलेज रोडवरच्या एका भाषांतराच्या ऑफिसात लागली, आणि महिन्याभरात तिच्या टेबलावर काय यावं? ‘लँटर्न आयल’चा चौथा भाग! पोरीला आकाश ठेंगणं झालं. गुप्ततेच्या करारावर तिने लगेच सही ठोकली. आणि त्याच आनंदात तिने माती खाल्ली. गेमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर लिहून बसली, ‘यापुढे चौथ्या भागाबद्दल मला काही बोलता येणार नाही.’

अगं बये, असं लिहितात का कुणी? त्या दिवसापासून तिची प्रत्येक हालचाल म्हणजे खूण. निळा ड्रेस घातला? गेमचा लोगो निळा आहे! दोन दिवस ऑनलाइन दिसली नाही? काम वाढलंय! पायलने तर वहीच केली होती. ‘हर्षालीच्या खुणा’ असं वर लिहून खाली तारीखवार नोंदी. चार हजार माणसांच्या ग्रुपवर दर रविवारी त्यांचं जाहीर वाचन व्हायचं.

दोन महिन्यांपूर्वी ऑफिसात मेल आली. चौथा भाग कायमचा रद्द, मालिका इथेच संपली. कंपनी वर्षअखेर जाहीर करेल, तोवर कुणाकडे चकार शब्द काढायचा नाही. काढला तर नोकरी जाणार, वर कोर्टकचेरी. हर्षालीच्या घरात कमावणारी ती एकटी. वडील पक्षाघाताने अंथरुणावर. ऑफिसच्या बाथरूममध्ये ती तोंडावर ओढणी दाबून रडली, आणि संध्याकाळी ग्रुपच्या व्हिडिओ कॉलवर तिचे सुजलेले डोळे बघून पायलने वहीत लिहिलं, ‘रात्रपाळी सुरू. काम शेवटच्या टप्प्यात!’

आणि परवा योगेशच्या आईचा फोन आला.

“हर्षाली, पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमधून बोलावणं आलंय गं त्याला,” मनीषाकाकू म्हणाल्या. “मशीनवर सुपरवायझर. कायमची नोकरी. सोमवारी हजर व्हायचंय. आणि हा म्हणतो, थांबतो. का, तर हर्षाली गप्प आहे म्हणजे येतोयच. बत्तीस वर्षांचा झाला तो! तुझं ऐकतो. काय खरं ते सांग ना त्याला.”

हर्षालीने योगेशला सात फोन केले. एकही उचलला नाही. शेवटी त्याचा मेसेज आला, ‘एकटीदुकटी भेटू नकोस मला. चुकून काही बोलून गेलीस तर तुझी नोकरी जाईल.’ आता याला काय म्हणावं? तिची काळजी करून करून त्याने तिच्या सगळ्या वाटा बंद केल्या होत्या.

म्हणून रविवारी दुपारी ती खोलीवर गेली. पायल, राज, योगेश, तिघेही होते. दार लावलं आणि उकाडा अंगावर आला.

“योगेश, उद्या कामावर जा,” ती बसायच्या आधीच म्हणाली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पायलने वही उघडली.

“उद्या?” राज म्हणाला. “म्हणजे आवाजाच्या चाचण्या लांबल्या वाटतं. तोवर याला काम करायला सांगतेय.”

“चाचण्या नाहीत रे, राज! काहीच नाही. चौथा भाग येणार नाहीये.”

बोलली एकदाची. सही केलेला करार, वडिलांची औषधं, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. आणि पुढ्यातली ही माणसं चक्क हसायला लागली!

“असंच बोलावं लागतं,” पायल लिहिता लिहिता म्हणाली. “करारच असतो तसा. विचारलं की नाही म्हणायचं.”

“आणि बघ ना, घाम किती फुटलाय तिला,” राज म्हणाला. “खोटं बोलायची सवय नाही बिचारीला.”

आता मात्र हर्षालीचं डोकं सणकलं. देवाशप्पथ, या लोकांना खरं तरी कसं सांगायचं? तिने मोबाइल काढला, ऑफिसची ती मेल उघडली आणि थेट योगेशच्या हातात दिला.

“वाच.”

योगेश वाचू लागला. एकदा वाचलं. मेल वर सरकवून पुन्हा वाचलं. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावर उतरला, तरी त्याने पुसला नाही.

“काय लिहिलंय? अरे, बोल ना!” राजचे अंगठे मोबाइलवर तयारच होते. इथे निघालेला शब्द मिनिटभरात चार हजार लोकांकडे जाणार, आणि संध्याकाळपर्यंत हर्षालीच्या साहेबांकडे, हे न कळायला योगेश काही खुळा नव्हता.

त्याने हर्षालीकडे पाहिलं. मग मेल बंद केली.

“येतोय,” तो म्हणाला.

राजने अशी आरोळी ठोकली, की खालच्या दुकानातून मामा ओरडला. पायल रडायलाच लागली. ग्रुपवर धडाधड मेसेज पडू लागले, आणि त्या गोंगाटात हर्षालीने योगेशचा दंड धरून त्याला कोपऱ्यात ओढलं.

“वेडा आहेस का तू? बरं, ते राहू दे. उद्या पिंपळगावला जा. मी पाया पडते तुझ्या.”

“काल सकाळीच मी त्यांना ‘येत नाही’ म्हणून कळवलं,” तो हळूच म्हणाला. “माझ्या जागी नांदगावचा कुणीतरी घेतला त्यांनी. आईला अजून माहीत नाही.”