आईची रिकामी मेलपेटी

अमावास्येला आमच्या घोडेगावच्या कॉलेजातली कॉम्प्युटरची खोली भरून जायची. ज्यांच्या घरचं कुणी गेलंय असे नोकरदार आपापल्या मेलपेटीसमोर हात जोडून बसत. कळंबचे चांगदेव महाराज मृतात्म्याचा निरोप ईमेलने पाठवत. मेल आला की आत्मा तृप्त, पिंडाला कावळा शिवल्यासारखाच. "आत्म्याला फकस्त पत्ता लागतो, पासवर्ड नाय," असं ते सांगत आणि पदवीधर माना डोलावत.

२००६ साली बाबा गेले. कॉलेजचा मेल सर्व्हर तेच सांभाळत. आई तिथेच ग्रंथालयात होती. सोमाजी शिपायाला भावाचा निरोप आला, प्राचार्य भिमाजी सरांना त्यांच्या आईचा. आमच्या आईची पेटी रिकामीच. महाराजांनी सर्वांदेखत विचारलं, "बाई, शेवटी शेवटी काय दुखवलंत त्यांना?"

मग त्यांनी कडक उपास सांगितले. आईला साखरेचा आजार. तरी तिने जेवण सोडलं. आपण बाबांना दवाखान्यात उशिरा नेलं, एवढंच ती बोलायची.

मी पुण्यात असेच सर्व्हर सांभाळते. पुढच्या अमावास्येला सरांना विचारून बाबांच्या खुर्चीत बसले. ढिगाने धाडलेली, नको असलेली पत्रं अडवायला सर्व्हरवर एक चाळणी असते. ती प्रत्येकाच्या पेटीला वेगळी लावता येते, सैल किंवा घट्ट. आईची सगळ्यांत घट्ट होती. महाराजांचे निरोप तिथेच अडकले होते. मी एक मोठ्याने वाचला: 'मी सुखात आहे. महाराजांचे ऐका.' सोमाजीच्या भावाने आणि सरांच्या आईनेही अक्षरशः हेच लिहिलं होतं.

"पोरी, यंत्राला आत्म्यातलं काय कळतंय?" महाराज म्हणाले.

"मग आत्ता सगळ्यांना आणखी एक पाठवा."

त्यांनी पाठवला; पण त्याआधीच मी आईची चाळणी सैल केली होती, सरांची घट्ट. मेल आईला आला. सरांना आला नाही.

"सर," सोमाजी हळूच म्हणाला, "आता तुमी म्हातारीला काय दुखवलं म्हनायचं?"

महाराज इंटरनेटच्या लाइनला दोष देत बाहेर पडले. त्यांना कुणी थांबवलं नाही.

"माझीच का घट्ट व्हती?" आईने विचारलं.

लॉटरी लागल्याची खोटी पत्रं ती खरी मानायची, उत्तरं द्यायची. म्हणून बाबांनीच चाळणी आवळली होती; दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी. मी तिला तारीख दाखवली.

तिने पडद्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "परत घट्ट कर. अन् घरी चल, भाकरी टाकते."

निरोप पोचला नाही, तर तो कुठे अडला ते आधी शोधावं. दुःखात असलेल्या माणसाचा अपराध शोधू नये. गेलेली माणसं पत्रं लिहीत नाहीत. मागे राहिलेल्यांना मात्र जेवावं लागतं.