ग्वाम राहिलं, डबे आले

मी एक सूटकेस. रंगाने डाळिंबी, पाठीने टणक आणि स्वभावाने जरा मानी.

माझा जन्म जपानमधल्या तोयोओकाच्या बॅगांच्या कारखान्यात झाला, पण मला घरी आणलं ते तोयामा शहरातल्या तात्सुओ आणि शिगेनो कुवाहारांनी. दोघांचं केस कापायचं दुकान. लग्न झालं आणि ते मला घेऊन ग्वाम बेटावर गेले. त्या काळी तिथे उतरणाऱ्या दहा पाहुण्यांतले सात-आठ तरी जपानी असत. जाताना मी अर्धी रिकामी होते. येताना शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी घेतलेल्या चॉकलेटच्या डब्यांनी माझी कडी लागेना. प्रवासाहून रिकाम्या हाताने परतणं आमच्याकडे शोभत नाही.

मग दुकान वाढलं, मुलगी झाली, येन घसरला, परदेश महागला. माझ्या पोटात रजया शिरल्या. माणसं वस्तू टाकतही नाहीत नि वापरतही नाहीत, याचा मला फार राग येतो.

गेल्या वर्षी दुकान बंद करून तात्सुओ म्हणाले, "चल, पुन्हा ग्वामला जाऊ." शिगेनो लाजून हसली.

प्रवास कंपनीतली मुलगी म्हणाली, "ग्वाम? आजोबा, आता तिथे निम्म्याहून जास्त कोरियन असतात. आपल्यातलं कुणी चौकशीलाही येत नाही."

"मग आम्ही जाऊन दोन वाढवतो की!"

पाठ दुखते, ओझं उचलवत नाही म्हणून त्यांनी वाटायची चॉकलेटं निघण्याआधी इथूनच मागवून ठेवली. परतायची तारीख कळवायची, त्या दिवशी ग्वामचे डबे घरपोच. आमच्याकडे ही सोय जुनीच आहे.

पण छपरावरचा बर्फ काढताना तात्सुओ शिडीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. प्रवास रद्द केला, डबे रद्द करायचं राहून गेलं. ठरल्या दिवशी ते दारात हजर.

हाड जुळलं, तरी तात्सुओ उभे राहीनात. डॉक्टरांनी बजावलं, "आता चालले नाहीत, तर कायमचे खाट धरतील." ते भिंतीकडे तोंड करून म्हणत, "जायचंय कुठे मला?"

एके दिवशी शिगेनोने रजया उपसल्या, डबे भरले आणि मला ओढत दवाखान्यात नेलं. खोलीतल्या प्रत्येकाच्या हातावर तिने चॉकलेट ठेवलं. "ग्वामचं आहे हं. आम्ही मात्र गेलोच नाही."

शेजारच्या खाटेवरचे नोझाकी एकदम खुलले. "आम्हीही लग्न करून तिथेच गेलो होतो! पहिल्याच दिवशी पाठ अशी भाजली, की बायकोला हात लावू देईना मी."

"आम्हीसुद्धा तिथेच!" समोरच्या खाटेवरून आवाज आला.

तात्सुओ वळले. "आणि ती प्रवास कंपनीतली पोरगी म्हणते, आपली माणसं ग्वामला जात नाहीत. जातील कशी? सगळी इथे येऊन पडलीत!"

खोली हसली. शिगेनोला मात्र रडू फुटलं. "अहो, मला अजून जायचंय. पण तुमच्याशिवाय नाही."

तात्सुओंनी पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाले, "ती बॅग इकडे घे."

नर्सबाईंनी मला समोरून घट्ट धरलं. तात्सुओंनी दोन्ही हातांनी माझी मूठ पकडली आणि पाय जमिनीला लावले. सगळा भार माझ्यावर आला, तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आता आम्ही रोज दारापर्यंत जातो आणि परत येतो. ग्वाम लांब आहे, ठाऊक आहे मला. घाई करू नका, मालक. दमलात तर टेका माझ्यावर. मी थांबते.