खोकल्याची जागा

गुलाबी प्लास्टिकचा तो तिकोनी तुकडा साबणाच्या डबीतून कापलेला, एक कोपरा झिजून गोल झालेला — पुढच्या बाकावर गिरधरने तो दातांत धरला होता आणि दोन्ही हातांनी गिटार सावरत होता, कारण एरंडोलच्या पुढे रस्ता आणि खड्डे यांची वाटणी अजून झालेली नव्हती. तुकडा गिळला तर आज वाजवणार कशाने, हा विचार धनकुंवरला आधी आला. गिळला तर गिरधरचं काय होईल, हा नंतर... आणि नंतर आला याचं तिला वाईट वाटलं, तेही जरा उशिरानेच.

गिटारला तिनेच गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची खोळ शिवली होती. कंडक्टरने ती बोटाने दाबून पाहिली.

"यात काय?"

"गिटार," गिरधर दातांतूनच म्हणाला.

"आजारी आहे का?"

धनकुंवरशेजारी तिचे वडील, बाबूजी, बसले होते, मांडीवर खाखऱ्यांचा पितळी डबा. ते हसले नाहीत. जळगावात कापडाचं दुकान चालवणाऱ्या घेवरचंदशेठनी गिऱ्हाइकाखेरीज कुणासाठी हसू वाया घालवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच अट घातली होती — गा, पण प्रेमाचे शब्द नकोत. मग भजन? देवाचे शब्द, त्या लाकडी पेटाऱ्याबरोबर? तेही नकोत. उरलं काय, तर आ, ऊ आणि हूं. झेडपीत नकाशे काढणारा आणि भुसावळच्या रेल्वे कॉलनीत एका म्हाताऱ्या इंजिन ड्रायव्हरकडे गिटार शिकलेला गिरधर तेव्हा हळूच म्हणाला होता, "शेठजी, याला जॅझ म्हणतात." बाबूजी म्हणाले, "म्हणू देत. शब्द नाहीत ना त्यात?" खानदेशात प्रायोगिक जॅझ आला तो असा, वडीलधाऱ्यांच्या संमतीने.

तालीम दुकानाच्या माळ्यावर, कापडाच्या ठाणांमध्ये. खाली जिन्याशी बाबूजी. आवाज कितीही चढला तरी त्यांना चालायचं. थांबला की खोकायचे. तरणा माणूस आणि आपली मुलगी यांच्यामधल्या शांततेवर त्यांचा विश्वास नव्हता. शेवटी गिरधरने त्या खोकल्याचं मापच घेतलं — चार मात्रा शांतता, पाचवीला खोकला — आणि तो रचनेत बसवून टाकला. "धनाबाई, शेठजी खोकले की तुम्ही खालच्या सुरातून उठा." ती उठायची. ती त्याला गिरधरभाऊ म्हणायची. दुकानातल्या नोकरांना ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे.

गुरुवारी शहाद्याहून सासरचा निरोप आला — सूनबाईंना पाठवा, झालं तेवढं माहेर पुरे. आईने ट्रंक काढून पुसलीसुद्धा. बाबूजी म्हणाले, "धुळं होऊ दे. मग ठरवू."

ते काय ठरवणार, आणि कशावरून? तिने शहाद्याचं कधी काही सांगितलंच नव्हतं. सांगणार काय... मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. दुपारी जेवणं झाली की सासूबाई तिच्या खोलीला बाहेरून कडी लावायच्या आणि चार वाजता चहाला काढायच्या. चौदा महिने. एवढंच. एवढंच सांगितलं तर लोक म्हणणार, बरं झालं, झोप तरी मिळाली.

धुळ्याच्या देवपुरात कॉलेजचं संमेलन. सेक्रेटरीने 'पाश्चात्त्य भावगीत' अशी घोषणा केली आणि ते दोघे सुरू झाले. कुणी ओरडलं नाही, हेच तिला विचित्र वाटत होतं; चारशे मुलं सभ्यपणे बसलेली, पहिल्या रांगेत बाबूजी, डब्यावर हात. मग ती शांतता आली. एक, दोन, तीन, चार —

खोकला आला नाही.

पाच. सहा. बाबूजी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते, तिच्या पायांकडे बघत होते. खोका ना... मी कुठून उठू? सुराला दारच दिसेना. आणि मग आवाज आपणहूनच निघाला, खालून नव्हे, वरून, आणि दोन पायऱ्या उतरून थांबला, आणि पुन्हा तेवढ्याच उतरला, जणू तिथे कुणी फेऱ्या घालतंय आणि खोली संपतेय. तालमीत हे कधीच नव्हतं. गिरधरने तुकडा खाली ठेवला. तार छेडली नाही. बोटाच्या पेराने लाकडावर एकदाच — टक्.

संपलं. टाळी नाही. शिपाई झिपरू पाण्याचे पेले घेऊन मंचावर आला आणि गिरधरच्या कानाशी वाकला.

"तार जुळनी का, भाऊ? मंग आते सुरू करा ना. बठ्ठा लोक वाट दखी ऱ्हायनात."

"जुळली," गिरधर म्हणाला, आणि खोळ चढवू लागला.

परतीच्या एसटीत पारोळा आलं. बाबूजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शहाद्याला असं होतं?"

"मी काही बोलले नाही, बाबूजी."

"तेच म्हणतो." त्यांनी डबा उघडला, न खाता मिटला. "पुढल्या वेळी शब्द घाल, बाई. कसलेही. प्रेमाचे असले तरी चालतील. शब्द असले म्हणजे माणसाला ऐकावं लागत नाही."

"आणि निरोपाचं?"

त्यांना झोप लागली होती. किंवा त्यांनी ती लावून घेतली होती. दुकानदाराला ते जमतं.

पुढल्या वेळी, म्हणाले. म्हणजे पुढली वेळ आहे? की ते नुसतं बोलण्याच्या ओघात, जसं गिऱ्हाईक परत जाताना ते त्याला म्हणतात — पुढल्या वेळी नक्की? तिने तो शब्द उलटासुलटा करून पाहिला. सकाळपासून तिला एकच काळजी होती, कुणाला काही कळणार नाही. आता कळलं होतं, आणि अंगावरचं काहीतरी ओढून काढल्यासारखं उघडं वाटत होतं. पुढच्या बाकावर गिरधरची मान हलत होती, झोपेत की तालात, कळत नव्हतं. ते टक्, कडी लागल्याचं... त्याला कुणी सांगितलं? मी नाही. म्हणजे दोन वर्षं माळ्यावर मी आ आणि ऊ म्हणत होते, आणि हा माणूस नकाशा काढत होता — कुठली भिंत, कुठली खिडकी, दार कुठल्या बाजूने लागतं...

विचारावं का? विचारलं तर तो शब्दांत सांगणार.

तिने विचारलं नाही. पण अंग चोरून बसलेली ती, बाबूजींच्या मांडीवरचा डबा झोपेत सरकला तशी जरा सैल झाली. आणि उद्या संध्याकाळी माळ्यावर जायची तिला भीती वाटली — पहिल्यांदाच, आणि तितकीच घाईही.