सुताराचे छप्पर फोडून आलेला काळा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. तुमच्या पृथ्वीपेक्षाही काकणभर जुना. कोळशासारखा दिसतो, पण मला शेगडीत घालू नका!

माझा जन्मच मारामारीत झाला. अवकाशात धूळ धुळीवर आदळली, धोंडे धोंड्यांवर, आणि त्यांचा एक प्रचंड गोळा झाला. त्याच्या पोटातला बर्फ वितळला, खनिजांची मऊ माती झाली. कार्बनचे नाजूक रेणू तिच्या पापुद्र्यांना बिलगून बसले. पुढे दुसऱ्या धोंड्याने आमच्या ठिकऱ्या उडवल्या. त्यातली एक ठिकरी म्हणजे मी.

एका दुपारी मी तुमच्या हवेत घुसलो. अंग पेटले, वरची कातडी वितळून गळाली, भाऊबंद वाटेतच फुटले. एका सुताराच्या कारखान्याचा पत्रा फाडून मी थेट त्याच्या उजव्या हातावर कोसळलो. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याची लाज मला आजही वाटते.

वेदनेने बेभान झालेल्या सुताराने डाव्या हाताने हातोडा उचलून माझे तुकडे केले. आग लागेल म्हणून त्याची बायको बादली घेऊन धावली.

"मामी, पाणी नको! त्याचा चिखल होईल!" जेवायला आलेली भाची ओरडली. ती प्रयोगशाळेत दगड तपासायची.

"मामाचा हात गेला आणि तू दगडाला जपतेस?" मामी कडाडली.

भाची वरमली. तिने आधी मामाला दवाखान्यात नेले, मग मला उचलले.

प्रयोगशाळेत माझा एक तुकडा खलात कुटला, आम्लात उकळला. महिन्याभराने सुतार आला. "काय सापडलं एवढं?"

"मामा, यातल्या टणक स्फटिकांत जवळपास काहीच नाही. जिवाला लागणारे रेणू या मऊ मातीनंच धरून ठेवलेत."

सुतार बराच वेळ भिंगातून बघत राहिला. पुढच्या खेपेला त्याने माझ्यासाठी डाव्या हाताने केलेली वेडीवाकडी पेटी आणली. भाचीचे डोळे भरले. "पण मामा, लाकडाचं तेल दगडात शिरेल. मग कुठले रेणू कुणाचे, कसं कळणार?"

"अगं, मग बरणीत ठेव. बरणीला घर नको का?"

मी आता काचेच्या बरणीत, त्या पेटीत राहतो.

मित्रांनो, असा दगड सापडला तर धुऊ नका, फोडू नका, उघड्या हाताने धरू नका. पण आधी त्याच्याखाली कोण सापडले आहे ते बघा. दगडाला थांबायची सवय असते.