गच्चीवरचा आंधळा

जुन्या माराकेशात जानेवारीचं ऊन फक्त गच्चीवर असतं. खाली घरात इतका गारठा, की बूजमाच्या चौकातल्या कासवाने एका वर्षी मान आत घेतली ती थेट मार्चात बाहेर काढली, आणि काढल्या काढल्या चहा मागितला. असं बूजमा पाहुण्यांना सांगतो. पाहुणे हसतात आणि खोली घेतात.

त्या हिवाळ्यात हॉलंडचा म्हातारा योस्त आला, तो केवळ उन्हासाठी. आता गच्च्या म्हणजे बायकांचं राज्य. तिथे पुरुषाने टेहळत बसायचं नसतं. योस्त मात्र अर्ध्या चड्डीत, काळा चष्मा लावून दक्षिणेला तोंड करून पसरला. दक्षिणेला शेजारच्या लल्ला तामूची, म्हणजे तामूबाईंची, गच्ची. तिने त्याच दिवशी गवंडी बोलावला.

"पुरुषभर भिंत घालते!" ती कठड्यावरून कडाडली. "माझ्याच घरात मी उघड्या डोक्याने धुणं वाळत घालायचं नाही होय रे?"

बूजमाने वर येऊन सूर्याकडे पाहिलं. हिवाळ्यातला सूर्य बुटका. भिंत उठली की त्याची गच्ची दिवसभर सावलीत. मग योस्त कशाला राहतोय? आणि पुढच्या हिवाळ्यात तरी कोण येतंय?

"लल्ला, बघतोय कोण?" तो म्हणाला. "आंधळा आहे गं बिचारा."

"म्हणून तो चष्मा?"

"मग काय नटायला?"

गवंडी परत गेला. पण दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली. योस्त बाहेर पडला की दोन्ही बाजूंनी दोघे त्याचे हात धरायचे. त्याला रस्ता ओलांडायचा नसला तरी ओलांडायला लावायचे. न्हाव्याने दाढी करता करता आज आभाळाचा रंग कसा आहे ते त्याला समजावून सांगितलं. "काय प्रेमळ माणसं!" योस्त आपल्या मोडक्या अरबीत म्हणायचा. बूजमा मान डोलवायचा.

तामू आता बाह्या सरसावून निर्धास्त वावरू लागली. एके सकाळी तिने मीठमसाला चोळलेल्या मांसाच्या पट्ट्या दोरीवर वाळत घातल्या आणि ती चहा ठेवायला खाली गेली.

"लल्ला! मांजर!" योस्त ओरडला. "डावीकडे! सगळ्यात लांब पट्टी!"

तामू धावत आली. चप्पल भिरकावली. मांजर पळालं, पट्टी वाचली. मग ती थबकली.

"डावीकडे," ती सावकाश म्हणाली. "बूजमा! वर ये आधी!"

बूजमा धापा टाकत आला. "लल्ला, त्याचं काय आहे, कडक ऊन पडलं की त्याला कधी कधी जरासं..."

"थोबाड बंद. नाहीतर गवंड्याला हाक मारते."

तिने डोक्याला फडकं गुंडाळलं. समोरच्या मिनारापाशी मांजर मिशा चाटत बसलं होतं. पट्ट्या वाळायला अजून आठवडा लागणार होता. तिने मांजराकडे पाहिलं, योस्तकडे पाहिलं.

"सांग त्याला," ती बूजमाला म्हणाली, "मी वर असले की तो आंधळा. मी खाली गेले की डोळस. आणि डोळस असताना मांजर राखायचं."

"आणि भिंत?"

"भिंतीतून त्याला मांजर दिसणारे का, शहाण्या?"

बूजमाने योस्तला सगळं समजावलं. आधीचं थोडं गाळून. योस्तने शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "आत्ता मी कोण?"

तामू अजून गच्चीवरच होती. योस्तने टॉवेल तोंडावर ओढून घेतला.